आवाज बाहेर येता कामा नये

रहाटणी,
३ जुलै २०२५

ती. अक्कास,
ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपला पोस्टाचाच कारभार बरा. इकडे सगळे खुशाल. मला मात्र परवापासून अन्न जात नाही. कारण लिहितो, पण जेवण झाल्यावर वाच.

चाकणच्या बाजूला एक हॅचरी आहे. मशीनमध्ये अंडी उबवून पिल्लं काढतात. त्यांच्या ट्रॉल्या आपल्याच वर्कशॉपनं केल्या. परवा गेलो तर मॅनेजर एका हातानं वडापाव खात होता आणि दुसऱ्या हातानं पिल्लं निवडत होता. धडधाकट खोक्यात, अधू ड्रममध्ये. जिवंत, अक्का! एकावर एक. खालची चेंगरून ओली झालेली, वरची चिवचिवतायत. वास तर असा की डोळ्यांत पाणी. आणि हा गृहस्थ बोटं चाटत मला म्हणतो, काका, ह्याला झाकण करून द्या, पण असं की आवाज बाहेर येता कामा नये. मोठी गिऱ्हाइकं येतात, बरं दिसत नाही.

वरच एक पिल्लू होतं, दोन पाय दोन दिशांना फाकलेले, पोटावर सरपटणारं. उचललं आणि खिशात टाकलं. मॅनेजर हसला, म्हणाला, काका, उद्याचा दिवस काढणार नाही ते.

घरी खोक्यात पेपर अंथरून वर बल्ब लावलाय. शी करतं ती बुडालाच चिकटते, कोमट पाण्यानं पुसावी लागते. मला उमासे येतात. सूनबाई करिष्मा नाकाला ओढणी लावून फिरते. पाय तर जास्तच फाकायला लागलेत. रविराजनं झाकणाचं काम सुरूही केलं. म्हणतो, पप्पा, आपण झाकण विकतो, पिल्लं मारत नाही. पोरगं माझंच, काय बोलू! तू जन्मभर कोंबड्या पाळल्यास. पायांचं काय करू ते लवकर लिही.

आमच्यावर आहे तसाच लोभ राहू दे.

तुझा,
ज्योतीराम

---

कळंब,
८ जुलै

चि. ज्योतीराम यास अ. उ. आ.

पत्र जेवण झाल्यावरच वाचलं, तरी ओकारी आली. तसला माणूस त्याच हातानं जेवतो कसा रे?

लहानपणी खुराडं झाडायची पाळी आली की तुझ्या पोटात दुखायचं. आता म्हातारपणी पिल्लाचं बूड धुतोस, देव बघतोय बरं! पण बाबा, आधी तो पेपर काढून फेक. गुळगुळीत कागदावर धडधाकट पिल्लाचे पाय सटकतात, तुझं तर अधू. खाली गोणपाट टाक. मऊ चिंधीची पट्टी करून दोन्ही पाय बांध, मधे बोटभर अंतर ठेव. पाणी चोचीला लावून पाज, वाटीत सोडलंस तर बुडून मरेल.

आणि एवढं पानभर लिहिलंस, पण तू झाकण देणार की नाही, ते नाही लिहिलंस. मला ऐकू येत नाही म्हणून इथं सुना माझ्यासमोर बसून माझ्याविषयी बोलतात. ओठ दिसतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तुझ्याही पत्रात न लिहिलेलं मला तसंच दिसलं.

पोरांवर चिडू नको. जपून राहा.

तुझी,
जयमाला

---

रहाटणी,
१७ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पेपर फेकला, गोणपाट टाकलं. चिंधी मात्र माझ्या हाताला पटेना. वर्कशॉपची सवय, प्लॅस्टिकचा केबल टाय घेतला आणि ओढला करकचून. तासाभरात बोटं निळी! नाक धरून लांब उभी राहणारी करिष्माच धावली. नखं कापायच्या कात्रीनं टाय कापला, स्वतःच्या जुन्या ओढणीची पट्टी बांधली आणि मला म्हणाली, पप्पा, ते पिल्लू आहे, पाइप नाही. आता एका पायानं जोर धरलाय. दुसरा ओढतं. उभं राहतं, पडतं, परत उठतं.

आता झाकणाचं. मॅनेजर काल ड्रम घेऊनच आला. नुसता खंगाळलेला, आत कडेला पिसं चिकटलेली. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, मी कान लावून पास म्हटल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. त्यानं स्वतःचा मोबाइल त्या घाणीत ठेवला, रविराजनं झाकण बसवून बाहेरून फोन लावला. रिंगटोन आरतीची! मी म्हणालो, आवाज येतो. खरंच येत होता. रविराजनं रबराची पट्टी बदलली. पुन्हा येतो म्हणालो, तेव्हाही खरं होतं. तिसऱ्यांदा झाकण असं बसलं, अक्का, की काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. माझ्याच पोराचं काम, इतकं चोख. मला आपल्या कारागिरीचीच किळस आली. म्हणालो, येतो.

मॅनेजरनं कान लावला, कामगारांना लावायला सांगितला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, काकांचे कान गेले. रविराजनंही कान लावला होता. माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, पप्पा येतो म्हणाले ना, मग येतो. माल जाणार नाही. मॅनेजर शिव्या देत ड्रम टेम्पोत टाकून गेला. पुढच्या गल्लीत त्याला कुणीही झाकण करून देईल. दिलंही असेल एव्हाना.

रात्री पिल्लाचं बूड पुन्हा चिकटलं होतं. वाटीत कोमट पाणी घेऊन रविराजच बसला. दोनदा ओकारी आली, शी शी म्हणत होता. हात मात्र मागे घेतला नाही.

तुझ्या मायेत आता त्यालाही धर.

तुझा,
ज्योतीराम