डब्याची अट काढून टाकल्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत आणि भरल्या पोटी लिहीत आहे. भरल्या पोटाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. याआधीचं मृत्युपत्र मी उपाशीपोटी आणि भीतीपोटी लिहिलं होतं, आणि वाचताना ते लगेच कळतं. आज माझ्यावर कुणाचं दडपण नाही, कुणी कान भरलेले नाहीत, आणि मनावरचं जुनं ओझं उतरल्यामुळे मनगट दुखत असूनही हात हलका चालतो आहे.

माणसांची नावं, पत्ते आणि मिळकतीचं वर्णन वकीलबाईंनी वेगळ्या परिशिष्टात घेतलं आहे. त्यामुळे इथे मी माणसांना घरात म्हणते तसंच म्हणणार. 'हे' म्हणजे माझे यजमान, धंद्याने सुतार, अजूनही रोज कारखान्यात जाणारे. "अहो, कायद्याला 'हे' कळत नाही," असं वकीलबाई म्हणाल्या. इतकी वर्षं संसार करून मलाही ते पुरते कळलेले नाहीत, तेव्हा कायद्याने घाई करू नये.

कलम १. माझं याआधीचं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात घर मुलाच्या आणि सुनेच्या नावे करताना मी एक अट घातली होती, ती अशी: माझ्या पश्चात ह्यांचा दुपारचा डबा रोज घरातूनच, मी घालून दिलेल्या पद्धतीने गेला पाहिजे, न गेल्यास घर विकून पैसे सार्वजनिक वाचनालयाला द्यावेत. "ही अट कोर्टात टिकणार नाही," असं वकीलबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "कोर्टात नाही टिकली तरी सुनेच्या डोक्यात टिकेल." ती अट आज काढून टाकते आहे. कारण कलम ७ मध्ये येईल. मधली कलमं गाळून तिकडे उडी मारू नये.

कलम २. अट मुळात का घातली, हे नोंदवून ठेवते.

ह्यांच्या छातीत कळ आली ती कारखान्यात, हातात रंधा असताना. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ, लोणी, तळण कमी करा. पुढच्या वेळी मला काही करता येईल असं समजू नका." तोवर ह्यांचा डबा म्हणजे पांढरा पाव, त्यावर बोटभर लोणी, चीजचा जाड काप, आणि वर कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या गाडीवरचं काहीतरी तळलेलं. मी दुसऱ्या दिवसापासून डबा ताब्यात घेतला. लोण्याच्या जागी उकडलेले हरभरे लिंबू-लसूण घालून वाटले. चीजच्या जागी फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही आणलं. काकडी, गाजर, पालेभाजीची कोवळी पानं, आणि बिस्किटांऐवजी एक फळ.

पहिल्या दिवशी ह्यांनी संध्याकाळी डबा तसाच परत आणून टेबलावर उघडला. पावाचा लगदा झाला होता.

"हे काय आहे?"

"काकडी, गाजर आणि हरभरे."

"एकत्र राहतात की भांडून वेगळे झालेत?"

मी हसले नाही. नंतर न्हाणीघरात जाऊन हसले. मग हळूहळू माझा हात बसला आणि डबा रिकामा यायला लागला. समोरच्या दारातल्या नर्सबाई दर रविवारी येऊन ह्यांचा रक्तदाब मोजतात. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. पण माझी धास्ती गेली नाही. हा माणूस मी भरून देते म्हणून खातो, मी गेले की महिन्याच्या आत फाटकावरच्या गाडीशी उभा राहील, आणि मग डॉक्टरांनी सांगितलेली ती पुढची वेळ येईल, ही एकच भीती मला होती. ह्यांना गॅस पेटवता येतो तो सरस वितळवण्यापुरता. सकाळी मी डबा करत असताना हे समोर बसून चहा पितात आणि पेपरात तोंड खुपसतात. अशा माणसाला कुणाच्या भरवशावर सोडून जायचं? म्हणून अट घातली.

कलम ३. राहतं घर माझ्या पश्चात ह्यांच्या हयातीपर्यंत ह्यांच्याकडे राहील, आणि त्यानंतर मुलगा व सून या दोघांच्या नावे, समसमान, बिनशर्त. 'बिनशर्त' हा शब्द मी वकीलबाईंच्या मसुद्यात स्वतः घातला. 'समसमान'ही मीच घातला, कारण सून सकाळी उजाडायच्या आत रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत जाते आणि माझा मुलगा त्या वेळी घोरत असतो.

कलम ४. पोस्टातली ठेव नातीला. तिने ती शिक्षणावर, प्रवासावर किंवा निव्वळ मूर्खपणावर खर्च करावी, मला चालेल. शाळेच्या डब्यातली गाजरं ती बाकावरच्या शेजारणीला देऊन तिच्याकडची वेफर्स घेते, हे मला ठाऊक आहे. व्यवहार वाईट नाही, फक्त ठेवीच्या बाबतीत एवढ्या स्वस्तात सौदा करू नये.

कलम ५. स्वयंपाकघरातली हत्यारं. दातेरी सुरी, लहान किसणी आणि दही टांगायची पातळ फडकी सुनेला. हरभरे वाटायचं यंत्र मुलाला. त्याला ते चालू कसं करायचं हे विचारावं लागेल, आणि त्या निमित्ताने तो ओट्याशी येईल. पाव कापायची फळी मात्र ह्यांनाच परत. ती ह्यांनीच एका उरलेल्या तुकड्यातून करून दिली होती, आणि इतक्या वर्षांत ती ना वाकली, ना तडकली.

कलम ६. जुने हिशोब. हे लिहिताना मला मजा येते आहे, तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये.

(अ) कोपऱ्यावरचा पाववाला. मी त्याच्याकडे कोंड्याचा पाव मागितला तेव्हा तो आधी हसला, आणि मग बरेच महिने मला तपकिरी पाव देत राहिला. एकदा ह्यांनी त्याचा तुकडा मोडला, उजेडात धरला, बोटांनी चुरला आणि म्हणाले, "हे सागवान नव्हे. साध्या लाकडाला सागवानी पॉलिश मारलंय." मी तो पाव घेऊन तशीच दुकानात गेले. पाववाल्याने जळक्या साखरेचा रंग घालतो हे तिथल्या तिथे कबूल केलं, वर म्हणाला, "काकू, लोकांना रंगच हवा असतो. कोंडा कोणी मागत नाही."

"मी मागतेय ना!"

आता तो खरा पाव भाजतो, जड आणि खरबरीत, आणि अर्धी गल्ली तो घेते. त्याला मी माफ केलं आहे. पुरावा म्हणून साक्षीदारांच्या जागी त्याची सही पाहावी.

(आ) माझी नणंद. वन्सं दर भेटीत म्हणायच्या, "माझ्या भावाला गवत खाऊ घालतेस." एवढ्यावर न थांबता त्या ह्यांच्या कारखान्यात लोण्याचे डबे पोचवायच्या. गेल्या वर्षी त्यांची स्वतःची साखर वाढली. मग एका दुपारी फोन आला, "अगं, ते हरभऱ्याचं वाटण कसं करतेस? माझ्या एका मैत्रिणीला हवंय." मी कृती सांगितली. मैत्रिणीला लिंबू जास्त आवडतं की कमी, हेही विचारलं. वन्संना माझी लोण्याची काचेची डबी द्यावी. रिकामी. हरभऱ्याचं वाटण त्यात फार चांगलं राहतं.

कलम ७. आता कारण.

वाटणयंत्राचं झाकण फडताळाच्या वरच्या कप्प्यातून काढताना मी स्टुलावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात प्लॅस्टर घालत असताना मला दुखण्यापेक्षा डब्याची काळजी जास्त होती. पण दुसऱ्या दिवसापासून डबे वेळेवर जाऊ लागले. मला झोपेच्या गोळ्या असल्यामुळे मी उशिरा उठायची, तेव्हा घर रिकामं झालेलं असायचं आणि माझ्या वाटणीचं सॅंडविच झाकून ठेवलेलं असायचं. मी धरून चालले की सून करते आहे. एका संध्याकाळी तिला म्हटलंही, "छान जमतंय गं तुला." ती नुसतीच हसली आणि बूट काढून आत निघून गेली. मला वाटलं, अटीचा परिणाम.

सॅंडविच खरोखर चांगलं होतं. पाव ओलसर नव्हता. काकडीचे काप पुसून कोरडे केलेले, पावाला लागून दोन्हीकडे पानं पसरलेली, म्हणजे ओलावा पावापर्यंत पोचतच नव्हता. ही युक्ती मला सापडायला दोन वर्षं लागली होती. सुनेला आठवड्यात सापडली म्हणून मला थोडा रागही आला.

मग एका दुपारी खाताना पावाच्या कडेवर मला एक बारीक, फिकी, अगदी सरळ रेघ दिसली. चष्मा पुसून पाहिलं. पेन्सिल. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदांवर पेन्सिलीच्या खुणा केल्या, पण पावावर केलेली खूण पहिल्यांदा पाहिली. कापायच्या आधी रेघ मारणारा माणूस या घरात एकच आहे.

त्या रात्री मी गोळी घेतली नाही. सकाळी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. हे ओट्यापाशी, कानावर पेन्सिल, फडक्यावर काकडीचे काप ओळीने वाळत घातलेले, आणि पावावर सुताराचा गुण्या लावून काटकोन बघणं चाललेलं.

"हे काय चाललंय?"

"डबा."

"सूनबाई कुठे आहे?"

"गेली कामावर. तिला कशाला त्रास?"

"आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तूच की. रोज सकाळी समोर बसून काय बघत होतो मग? पेपर?"

मी बोट लावून हरभऱ्याचं वाटण चाखलं. लिंबू बरोबर. मीठ चिमूटभर, त्याच्या वर एक कण नाही.

"काकडी पुसायची हे लक्षात कसं राहिलं?"

"ओलं लाकूड कधी जोडतात का? आणि हे पान मधे घातलंय ना, ते पापुद्र्यासारखं. तू करतेस तेव्हा मला ते बघायला आवडतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुझ्या हातातलं काम काढून घेतलं असं वाटलं असतं तुला. तू कशी आहेस, मला माहीत नाही का?"

मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "मी नसले की काय खाल?"

ह्यांनी सुरी खाली ठेवली नाही. "तू असताना खातो तेच. काप तेवढे सरळ असतील."

मी तिथेच स्टुलावर बसले आणि पोटभर रडले. दुःखाने नाही. छातीवर कुणीतरी बसलेलं होतं ते उठून गेलं, असं वाटलं. प्लॅस्टर निघेपर्यंत नर्सबाईंनी दर रविवारी रक्तदाब मोजला आणि आकडा जागचा हलला नाही. नर्सबाई म्हणाल्या, "सूनबाईंना सांगा, असंच चालू ठेवा." मी म्हटलं, "सांगते." सुनेला हे सारं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तिने सासऱ्याचं गुपित माझ्या तोंडावर हसत सांभाळलं. घर समसमान देण्याचं हेही एक कारण समजावं.

कलम ८. सबब, डबा करण्याचा हक्क, मान आणि कटकट मी ह्यांच्या नावे करते. सून या कामातून कायमची मुक्त आहे. तिला हवा असेल तर ती आयता डबा घेऊन जाऊ शकते. ह्यांनी पावावर पेन्सिल वापरू नये, ती पोटात जाते. फळीवर खाच करून घ्यावी. ही अट नाही, विनंती आहे. मोडली तर वाचनालयाला काही मिळणार नाही.

कलम ९. मी जाईन त्या दिवशी घरात माणसं येतील आणि कुणाचं जेवणाकडे लक्ष नसेल. त्या दिवशी ह्यांनी सगळ्यांसाठी सॅंडविच करावीत. काकडी पुसून, पानं दोन्हीकडे लावून, मीठ चिमूटभर. हाताला काम असलं की ह्यांना बरं वाटतं, हे मला माहीत आहे. आणि पहिलं सॅंडविच ह्यांनी स्वतः खावं. उभ्याने नाही, टेबलाशी माझ्या खुर्चीवर बसून.

वर लिहिलेलं सारं मी स्वतः लिहिलं, दोनदा तपासलं, आणि त्यात एकही चूक उरलेली नाही याची खात्री करून साक्षीदारांसमोर सही करते.

स्थळ: स्वयंपाकघर, खिडकीकडची बाजू.
दिनांक: प्लॅस्टर निघाल्यानंतरचा पहिला रविवार. आकड्यांतली तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचा पाववाला (सही. सोबत एक पाव आणला, खरा.)
२. समोरच्या दारातल्या नर्सबाई (सही. सही करण्याआधी माझाही रक्तदाब मोजला. उत्तम आहे.)

ता. क. मनगट अजून कापतं, सही तिरकी जाईल अशी मला भीती होती. म्हणून सही करण्याआधी ह्यांनी कानावरची पेन्सिल काढून, गुण्या लावून कागदावर रेघ मारून दिली. सही तिच्यावर सरळ बसली आहे. वकीलबाई, ती रेघ खोडू नये.