सुट्टीसाठी खरं बोलणारं माणूस

४ सप्टेंबर
शेवटचे पाहुणे गेले. टॉवेलानं बूट पुसून गेले! उन्हाळाभर माझी खोली त्यांना आणि मी तळघरात, वाइनच्या पिंपांशेजारी. आमच्या बेटावर सगळ्याच म्हाताऱ्या उन्हाळ्यात खाली उतरतात, त्याचं काही नाही. पण आज प्रोश्परला सांगून टाकलं — मला सुट्टी हवी. एक आठवडा, ऑक्टोबरात. डोंगरात कुठंतरी, जिथं माझं अंथरूण दुसरं कुणी घालेल. समुद्र बघून बघून डोळे खारट झाले.
पोरगा हसला नाही. लगेच हो म्हणाला. सूनही हो म्हणाली! या घरात एवढ्या लवकर हो कधीच म्हणत नाहीत.

७ सप्टेंबर
सूनबाई सांदा फोनवर हॉटेलं दाखवते. "हे बघा आई, पाच तारे! लोकांनी लिहिलंय, स्वर्ग आहे म्हणून!"
आमच्या घरालाही पाचच तारे आहेत. तिच्या मावसबहिणींनी दिलेत. एकही बया इथं झोपलेली नाही. फोटोत खिडकीतून समुद्र दिसतो — फोटोवाला बाहेर लटकला आणि मी त्याचे पाय धरून ठेवले, तेव्हा दिसला! या स्वर्गातले संडास मीच घासते. मला शिकवते!

१० सप्टेंबर
बंदरावरच्या पर्यटन कचेरीत गेले. पोरगी नखं रंगवत होती. चकचकीत कागद पुढं सरकवला.
"गादी कशी आहे?"
"उत्तम, आजी."
"तू झोपलीयस तिथं?"
"मी? मी कशाला जाऊ डोंगरात!"
कागद तिथंच ठेवला. मासे गुंडाळायलाही निकामी, इतका गुळगुळीत.

११ सप्टेंबर
फिलुमेनाला विचारलं. शेजारीण. गेल्या वर्षी स्लोव्हेनियात जाऊन आठवडाभर गरम पाण्यात बसून आली.
"अगं वित्सा, काय सांगू! राजवाडा!"
"आणि जेवण?"
"राजेशाही!"
मग परत आल्यावर माझ्या दारात येऊन सूप का मागत होतीस, म्हटलं. पदरचे पैसे घालून फसलो असं कोण कबूल करेल?

१२ सप्टेंबर
पाद्रीबाबा म्हणतात, तीर्थयात्रेच्या बसमध्ये जागा आहे. गुडघ्यांवर सुट्टी! नको.

१५ सप्टेंबर
सापडली! वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर, विकायच्या शेळ्यांच्या खाली. 'खोली. डोंगर. तळं.' आणि फोन नंबर. फोटो नाही, तारे नाहीत. फोन लावला. श्टेफा म्हणून एक म्हातारी. खोल्या देणारी बाई दुसरीला विचारेल तेच विचारलं — उशा कुठं वाळवता?
"कुठं वाळवणार? ऊन असतं कुठं! चुलीवरच्या दोरीवर. धुराचा वास येतो."
"गादी?"
"मधे खड्डा आहे. नवरा जड होता."
"खिडकीतून काय दिसतं?"
"धुकं."
"आणि तळं?"
"ऑक्टोबरात पाणी सोडून देतात. चिखल. अहो, तुम्ही सरकारी तपासणीवाल्या आहात का? नको असेल तर नका येऊ!"
धंदा करायची ही रीत नव्हे. मी लगेच दिवस ठरवून टाकला.

१६ सप्टेंबर
सांदा म्हणते, "आई, अहो त्या जागेबद्दल एका माणसानंही काही लिहिलेलं नाही!" म्हणूनच.

८ ऑक्टोबर
काल पोचले. बोट, बस, आणखी एक बस. धुकं आहे. खड्डा आहे. धूर आहे. चिखल जिथं सांगितला तिथंच.
सकाळी सवयीनं चादर ओढायला गेले तर श्टेफा दारातून ओरडली, "हात लावायचा नाही! पाहुण्या आहात ना? मग बसा पाहुण्यासारख्या!"
बसले. हातांचं काय करायचं कळेना. मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं त्यांनाही बरं वाटलं.

१० ऑक्टोबर
कोबी, बटाटे, पत्ते. श्टेफा पत्त्यांत लबाडी करते. विचारलं तर म्हणते, "हो, करते की."

१२ ऑक्टोबर
प्रोश्परचा फोन.
"आई, मजेत ना? ऐक, चिडू नकोस. तुझी खोली गेली. एक डच जोडपं आहे, कॉम्प्युटरवर काम करतात, वसंतापर्यंत राहणार. तुला तळघरात शेगडी लावून देतो. एकदम छान होईल, उबदार!"
मागून सांदा — "नवी शेगडी सांगा, नवी!"
हिवाळ्यात त्या भिंतींना पाणी सुटतं. पिंपंसुद्धा कुजतात. हे त्याला पोरवयापासून ठाऊक आहे. छान म्हणे! उबदार म्हणे! जाहिरात करतोय, स्वतःच्या आईला!
सुट्टीला लगेच हो का म्हणाले ते आता कळलं.

१३ ऑक्टोबर
श्टेफाला विचारलं, हिवाळाभर खोली द्याल का?
"हिवाळा वाईट असतो इथला. दार उघडत नाही इतका बर्फ. बस बंद. फेब्रुवारीत मी कुणाशी धड बोलत नाही. नका राहू."
बॅग खाटेखाली सरकवली.