खिळ्यांच्या चौकटीवरचं दुपटं

प्रिय वन्सं,

पाया पडते. तिकडं कुणी कुणाच्या पाया पडतं की नाही ते ठाऊक नाही, पण माझी सवय जात नाही.

मी पत्र लिहायला बसले हे कळलं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसाल. गोदा लिहायला लागली, आणि लिहितेय कुणाला? जिनं जन्मात पाटीला हात लावला नाही त्या सारजाबाईला! माझ्या लेकीनं, धोंडीनं, मला अक्षरं शिकवली ती तुमच्यासमोरच. मी हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायचे आणि ती पाटीवर एकेक अक्षर काढून दाखवायची. तुम्हालाही बोलवायची. तुम्ही म्हणायचात, एका घरात इतक्या पंडितिणी कशाला? आता भोगा. तिकडं कुणाकडून तरी वाचून घ्या.

लिहायचं कारण धोंडीच आहे. तुम्ही भाद्रपदात गेलात आणि दिवाळीला निरोप आला की आपल्या धोंडीला दिवस गेलेत. दोन महिने थांबला असतात तर काय बिघडलं असतं? एवढी कसली घाई होती? ती बातमी ऐकून मी पहिल्यांदा तुमच्या खोलीकडंच वळले होते, सांगायला. उंबऱ्यापाशी आल्यावर आठवलं.

होळी झाली आणि जावईबापू तिला शिरूरहून गाडीनं घेऊन आले. पोर अंगानं भरली आहे, चालताना कमरेवर हात ठेवते. जावईबापूंनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि निघताना मान खाली घालून आईचा निरोप सांगितला. बाळाचं पहिलं दुपटं आणि कुंची सवाष्णीच्या हातची असावी, एवढंच. तुमचा भाऊ जाऊन दोन वर्षं होतील. निरोप कुणासाठी होता ते मला समजलं. त्या बाईवर माझा राग नाही वन्सं. तिचं पहिलं नातवंड आहे, तिला भीती वाटते. भीती काय असते ते या घरात आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून तुमची आठवण काढत बसले आहे. तुमची ती चौकट माझ्या मांडीवर आहे.

चौकटीची गोष्ट तुम्ही कितीदा सांगितलीत, तरी दरवेळी नवीन काहीतरी घालायचात. अंगाची हळद उतरायच्या आत तुम्ही पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आलात. घर मागाचं. मामंजी आणि तुमचा भाऊ खड्ड्यात पाय सोडून विणायचे, आणि बाईमाणसानं कांड्या भरायच्या, मागावर बसायचं नाही. तुम्हाला तर विणायचंच होतं. बाज विणताना बघून तुमच्या डोक्यात आलं की माणसाला बाज होते तर हाताएवढी चौकट का होणार नाही? मग गेलात रहमान सुताराकडं. चार फळकुटं जोडून कडेनं बारीक बारीक खिळे ठोकून मागितलेत. त्यानं विचारलं, ही बाज काय उंदरासाठी हाय? तुम्ही म्हणालात, व्हय, आमच्याकडचे उंदीर लई लाडाचे हायेत. खरंच असं म्हणालात का हो? का ते नंतर घातलंत?

मागावरून कापड उतरलं की शेवटाला धाग्यांची जी दशी उरायची, जी आम्ही चुलीत घालायचो, ती तुम्ही गोळा करायचात. खिळ्यांना उभे धागे अडकवायचे, मग लांब सुईत धागा ओवून एकाखालून एकावरून न्यायचा. शेवटच्या ओळीला जागा उरायची नाही, तेव्हा तुम्ही जीभ दातांत धरायचात. चौकोन खिळ्यांवरून उचलून काढला की कुठंही न कापता चारी बाजूंनी पक्का. तळव्याएवढाच, पण पुरं कापड! असे चौकोन जोडून तुम्ही सुपारीचे बटवे केलेत, समईखालच्या चकत्या केल्यात, मामंजींच्या चष्म्याला घर केलंत. मामंजी तोंडानं पोरखेळ म्हणायचे आणि गेवराईच्या बाजारात ते चष्म्याचं घर चारचौघांना काढून दाखवायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला बोलायला या घरात तुम्हीच होतात. माझं पहिलं बाळंतपण इथंच झालं, कारण माझ्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. तुम्ही त्या बाळासाठी कुंची विणलीत. हिरव्या आणि पिवळ्या दशीची, मानेवर घडी पडेल अशी. पौष महिना होता. बाळ थोडेच दिवस राहिलं. त्याला दूध ओढवेना, मग श्वास ओढवेना, आणि मग मामंजी त्याला हातावर घेऊन गेले. कुंची बाळाबरोबर गेली.

कोण काय बोललं ते मी इथं लिहीत नाही. विधवेच्या हातचं पहिलं वस्त्र, एवढं एकीनं म्हणायचा अवकाश, ते सगळ्या आळीनं उचललं. आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही उचललंत. हाच माझा तुमच्यावर रुसवा आहे. लोकांचं तोंड धरता येत नाही हे मान्य. पण तुम्ही स्वतःच्या हातांकडं चोरासारखं का बघायला लागलात?

दुसरं बाळ गेलं तेव्हा त्याच्या अंगावर तुमच्या हातचा एक धागासुद्धा नव्हता. सगळं बाजारातून आणलेलं होतं. मग ते कुणाच्या हातानं गेलं? हे आळीतल्या कुणी विचारलं नाही. मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? आपण दोघी मागच्या दारी ज्वारी पाखडत होतो. तुम्ही सूप खाली ठेवलंत.

"मला पटतंय गं गोदे," म्हणालात. "पर हाताला पटत न्हाई."

मग धोंडीच्या वेळी आत्याबाईंनी ठरवलं की ज्या घरात मूल जगत नाही तिथं मागून आणलेलं वस्त्र घालतात, तसंच करायचं. घरोघरचं मागितलेलं अंगावर असलं की मूल कुणा एकाचं राहत नाही, काळाची नजर चुकते. त्या तुमच्या सख्ख्या आई. तुम्हाला जवळ बसवून म्हणाल्या, "सारजे, तुज्या हातात खोट न्हाई. पर नशिबाला कोनी समजवावं? तू नगं हात लावू."

दुसरी कुणी असती तर खोलीत जाऊन पडली असती. तुम्ही चौकट काखेत मारलीत आणि निघालात! चिंधी मागायची ना, मग चिंधी कशाला, चौकोनच मागू. प्रत्येक घरी तिथल्या सवाष्णीनं तिच्या घरचा धागा घ्यायचा आणि तिनंच विणायचं. तुम्ही समोर बसून नुसतं तोंडानं सांगायचं. मी एकदा तुमच्याबरोबर आले होते. दोन्ही हात पदरात गुंडाळून तुम्ही मांडीवर दाबून बसला होतात, चुकून पुढं जाऊ नयेत म्हणून. आणि नजर मात्र त्या सुईवर खिळलेली. तुमची बोटं पदराआड हलत होती वन्सं. मला दिसत होती.

काय एकेक चौकोन झाले! पाटलीणबाईंनी बैल दाव्याला बांधावा तसा धागा ओढला, दोन खिळे वाकले. कासारणीच्या बांगड्या खिळ्यांत अडकल्या आणि ती बाई चौकटीसकट उठून पाणी द्यायला निघाली. मोमीन आळीतल्या खातूनबीचा चौकोन सगळ्यांत सुरेख, मागाच्या घरची ती. तुम्हाला चहा पाजल्याशिवाय तिनं सोडलं नाही. सगळ्यांत शेवटी आत्याबाईंनी स्वतः चौकट मागून घेतली. आयुष्य मागाच्या घरात गेलं, पण विणायला त्या पहिल्यांदाच बसत होत्या, आणि शिकवणारी त्यांची लेक. त्या दिवशी मायलेकी कितीतरी वेळ बोलत बसल्या होत्या, एकाखालून, एकावरून, एवढंच.

जोडलं मी. कुठं सैल, कुठं घट्ट, एक कोपरा वर तर दुसरा खाली, असं ते दुपटं झालं. धोंडी त्यात गुंडाळली गेली आणि जगली. नाव धोंडी ठेवलं, देवानं दगड म्हणून सोडून द्यावं यासाठी. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तोही शेजारच्या बाईनं घेतला. तुम्ही त्या वेळी चुलीपुढं होतात. पुढं त्याच पोरीला तुम्ही न्हाऊ घातलंत, घास भरवलेत, गोवरात मांडीवरून खाली ठेवलं नाही. पण विणून तिला काही दिलं नाहीत. ती मागायची. शेजारच्या ठकूताईला बटवा दिला, मला कावून न्हाई, असं म्हणून पाय आपटायची. तुम्ही तिच्या हातावर गूळ ठेवायचात.

मी म्हणायचे, आता पुरे झालं की. तुम्ही ऐकलं नाहीत. तेव्हा मला तुमचा हट्ट वाटायचा. आता तसं वाटत नाही. जावईबापूंची गाडी वळली आणि मी ट्रंकेतून चौकट काढली. धागे खिळ्यांना अडकवले, सुई ओवली, आणि हात तिथंच राहिला. काही केल्या पुढं जाईना. माझ्या डोळ्यांपुढं पौष महिना आला. उद्या काही झालं तर? शिरूरला काय तोंड दाखवायचं? आणि त्याहून, धोंडीला काय दाखवायचं? तुम्ही इतकी वर्षं हे एकट्यानं कसं सोसलंत हो?

मी तुमचाच रस्ता धरला. चौकट काखेत घेतली आणि पाटलांच्या सुनेकडं जायला निघाले. धोंडी ओट्यावर बसली होती. कुठं निघालीस म्हणाली. मी सांगितलं. तुम्हाला वाटेल ती रडली असेल किंवा सासूच्या नावानं बोलली असेल. तसलं काही नाही. तिनं माझ्या काखेतून चौकट ओढून घेतली.

"या घरात भाकरी कोनी थापल्या? आत्यानंच ना? सकाळ-संध्याकाळ तिच्या हातचं खाऊन मी एवढी झाले," म्हणाली. "भाकर पोटात गेलेली चालती, अन् दुपटं अंगावर चालत न्हाई? मला तुज्या हातचं पायजे, आई. आत्याकडं मागून मागून थकले. तू तरी न्हाई म्हनू नको."

मी तिच्याजवळ ओट्यावर बसले. तुम्ही काय म्हणाला असतात, वन्सं? एवढ्या वर्षांत ही भाकरीची गोष्ट आपल्यापैकी कुणाच्याच ध्यानात कशी आली नाही?

आज सकाळी पहिला चौकोन काढला. हात चालले. धोंडी शेजारी चिंचा खात बसली होती आणि चुका काढत होती. विणायला येत काही नाही, तोंड मात्र तुमचंच! शिरूरच्या विहीणबाईंना मी लपवाछपवी करणार नाही. धोंडीच्या हातूनच निरोप लिहून घेईन, की दुपटं तिच्या आईचं आहे आणि तिनं मागून घेतलं आहे. त्यांना वाटलं तर त्यांनी त्यांचंही एक आणावं. बाळाला दोन दुपटी जड नाहीत.

आणि तुम्हाला वचन देते. सगळे चौकोन मीच विणीन. मूल सुखरूप झालं तर ते दुपट्याचं पुण्य म्हणणार नाही. देव न करो, काही उणंअधिक झालं तर रडेन, ऊर बडवेन, पण हातांना बोल लावणार नाही. माझ्या नाही, आणि तुमच्याही नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. बाळंतिणीच्या खोलीत तुम्हाला येऊ देत नव्हते, म्हणून तुम्हाला ती कळली नाही. मामंजी पहिल्या बाळाला न्यायला आले तेव्हा आत्याबाई त्याची कुंची काढत होत्या. मीच त्यांचा हात धरला. ती घरात नको होती म्हणून नव्हे, वन्सं. बाहेर फार थंडी होती, आणि बाळाजवळ उबेचं तेवढं एकच होतं.

तुमची भावजय,
गोदा
उमापूर