गरम कुंडात लटकल्याची हकीकत

ती. जोलानताईस,

वेन्डेलचा वाकून नमस्कार. गेले दोन महिने मला वाकता येत नव्हतं, आणि वाकलो तर सरळ होता येत नव्हतं, म्हणून पत्राला उशीर झाला. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? (मध संपला असेल तर पाठवतो, पण चमच्याने खा म्हणावं, बरणीने नको.)

तर झालं असं. मे महिन्यात अकेशियाची झाडं फुलली, माश्यांच्या पेट्या मधाने जड झाल्या. मी त्यातली एक उचलली आणि कमरेत असं काही कटकन वाजलं की माश्यासुद्धा क्षणभर गप्प झाल्या. पेटी हातात, मी काटकोनात. खाली ठेवावी तर वाकता येईना, धरून ठेवावी तर माश्या बाहेर येऊन चौकशी करू लागल्या. पोस्टमन येऊन सोडवेपर्यंत चौदा डंख बसले. (डंखाने कंबर सुधारते म्हणतात. मला सगळे बोटांना बसले. बोटं ठणठणीत आहेत.)

डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि मणक्यातली गादी सरकलीय, ऑपरेशन करावं लागेल, असं सांगितलं. ऑपरेशन म्हणजे वर्षभर पेटीला हात लावायचा नाही, म्हणजे चाळीसच्या चाळीस पेट्या विकायच्या. ताई, माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली असावी. म्हणाले, "पायात ताकद आहे, बधिरपणा नाही, तेव्हा थोडं थांबता येईल. तीन आठवडे गरम पाण्याच्या कुंडात लटकून कणा ताणून बघा. फरक पडला नाही, तर मात्र मुकाट्याने टेबलावर यायचं."

मग लटकलो. कुंडावरचा बार्नाबाश (दंड कसायाचे, आवाज दाईचा) हनुवटीखाली पट्टा अडकवतो, कमरेला शिशाची वजनं बांधतो आणि वाफाळत्या पाण्यात सोडून देतो. वीस मिनिटं. मान वळवायची नाही, बोलायचं तर दातांवर दात ठेवून. पहिल्याच दिवशी उजवीकडून बाईचा आवाज आला, "नवीन दिसताय. पाय सैल सोडा, फाशी दिल्यासारखे काय लटकताय?"

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आमची ओळख झाली. बाई विधवा, तीस वर्षं बेकरीत पिठाची पोती उचलून कंबर मोडलेली. मी माश्यांबद्दल सांगायचो, ती मला झापायची. तिची वीस मिनिटं माझ्या आधी संपायची आणि शिडी माझ्या पाठीमागे, त्यामुळे आठ दिवस मला तिचा नुसता आवाज ठाऊक होता. तरी तुला सांगतो, सातव्या दिवशी ती आली नाही तेव्हा ती वीस मिनिटं संपता संपेनात.

नवव्या दिवशी बाहेर आलो तर फराळाच्या खिडकीपाशी लाल रबरी टोपीतली एक बाई लसूण लावलेला, पोळीएवढा, नुकताच तळलेला लांगोश खात उभी. हनुवटीवर पट्ट्याचा वळ, अगदी माझ्यासारखा.

"आवाजावरून तुम्ही उंच वाटला होतात," ती म्हणाली.

"अजून बारा दिवस लटकायचंय," मी म्हणालो.

काल डॉक्टरांनी मला वाकवलं, पाय उचलून पाहिला आणि ऑपरेशन तूर्त रद्द केलं. रोज व्यायाम करायचा, आणि पेटी एकट्याने उचलायची नाही, दोघांनी उचलायची. बाकी इकडे सगळं सरळ आहे, मुख्य म्हणजे मी.

तुझा धाकटा,
वेन्डेल

ता. क. पेटी उचलायला दुसरं माणूस मिळालं आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चर्चमध्ये लग्न. भावोजींचा काळा कोट एक दिवस लागेल.

ता. क. २. नाव एतेल्का. होय, तीच, ईस्टरला चर्चच्या गायकवृंदात तुझं एकटीचं गाणं जिला दिलं आणि जिच्याशी तू अकरा वर्षं बोलत नाहीस, ती. मला खरंच ठाऊक नव्हतं. मी बहिणीचं नाव सांगितलं तेव्हा लांगोश तिच्या घशात अडकला. उरलेला तिने कागदात गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "ते गाणं तिलाच चांगलं जमायचं. मला तेव्हाही कळत होतं." आता तिचा हट्ट आहे की लग्नात ते तूच म्हणायचं, नाहीतर ती उभी राहणार नाही. तेव्हा ताई, आजपासून गार पाणी पिऊ नकोस.