दुसरा आणि चौथा शनिवार

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

काल नोटीस आली. बेलिफ घरी आला तेव्हा मी भांडुपला कोणाच्या तरी बेडरूममध्ये स्टुलावर उभा होतो, एसीचं झाकण काढून. आईने सही केली. संध्याकाळी ताटाशेजारी पाकीट ठेवलं आणि म्हणाली, आधी जेव, मग वाच. मी आधी वाचलं. मग जेवण गेलं नाही.

अनुपमाने वसुलीचा अर्ज टाकलाय. निधीची पोटगी सप्टेंबरपासून थकली म्हणून. महिना आठ हजार, घटस्फोटाच्या वेळी मीच कबूल केलेले. तीन वर्षं एक महिना चुकवला नाही, आणि आता जरा पुढेमागे झालं तर लगेच कोर्ट! एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

केले होते तिने. तीनदा. मी उचलले नाहीत.

आज वकीलबाईंकडे गेलो, रुचिरा मॅडम, घाटकोपरला बसतात. म्हणाल्या, रोजचं तारीखवार लिहून ठेवा, कोर्टात उभं केलं की तुम्हाला काही आठवत नाही. म्हणून ही डायरी. गॅसवाल्या डीलरने दिवाळीला दिलेली, पानापानावर कॉम्प्रेसरचं चित्र. मॅडमनी विचारलं, पैसे का थकले? म्हटलं, आमचा धंदा सीझनचा, थंडीत एसी कोण धुवून घेतं? त्या म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये थंडी होती का?"



११ जानेवारी, दुसरा शनिवार

निधीला भेटलो. कोर्टातली मुलांची खोली, महिन्यातून दोनदा, दोन तास. अनुपमा बोरिवलीहून तिला घेऊन येते आणि बाहेर बाकावर बसून राहते. आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

पोरगी वाढली. अकरा पूर्ण झाली. तिथल्या छोट्या खुर्चीत बसली की गुडघे टेबलाला लागतात. खाजं नेलं होतं, अर्धं खाल्लं, अर्धं दप्तरात ठेवलं. मला विचारते, बाबा, एसीतला गॅस संपतो म्हणजे जातो कुठे? सांगितलं. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे गळतो, संपत नाही. बरोबर आहे. दहा-दहा वर्षं काम केलेल्या पोरांना कळत नाही हे.

कॅरम खेळलो. हरलो. मुद्दाम नाही.

१४ जानेवारी

मॅडमना खरं सांगून टाकलं. सप्टेंबरमध्ये आमची पाळी होती.

त्यांना काही कळेना. त्या नागपूरच्या. समजावलं. कणकवलीजवळ आमचं मूळ घर, तिथे भावकीतल्या चार घरांचा मिळून एक गणपती. दर वर्षी एका घराने सगळा खर्च करायचा, चौथ्या वर्षी आपली पाळी परत. मागची आली ती लॉकडाउनमध्ये. पाच माणसं, दीड दिवस, संपलं. त्यामुळे यंदा तरी नीट करायची असं कधीचं डोक्यात होतं. केली. पाच दिवस, दोन भजनं, वाडीला जेवण, लायटिंग मुंबईहून नेलं. सहदेवदादा म्हणाला होता, तू पुढे हो, मागाहून बघूया. तो मोठा भाऊ, बोरिवलीलाच असतो, पाळी दोघांची.

मागाहून त्याने काही बघितलं नाही. आणि मी विचार केला, गणपती तारीख पुढे ढकलत नाही, पोटगी काय, सीझनला भरून काढू.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे कोर्टात बोलू नका."

२५ जानेवारी, चौथा शनिवार

आज उशिरा पोचलो. मुलुंडच्या एका सोसायटीत आउटडोअर युनिट खिडकीबाहेर लटकलेलं, ते सोडून निघता येईना. पस्तीस मिनिटं गेली. निधी तोंड फुगवून बसलेली. म्हणते, आधीच दोन तास, त्यात तुम्ही असे येता. दोनच तास का असतात हो?

डोकं तापलेलं होतं. म्हटलं, या दोन तासांचेच तर महिन्याला आठ हजार मोजतो गं. नाही भरले तर पोलीस येऊन नेतात.

थट्टेत म्हटलं. ती म्हणाली, खरंच? म्हटलं, खरंच. तुझ्या आईने अर्ज टाकलाय, चार तारखेला कोर्टात बघ काय होतं ते.

कॅरमची राणी अगदी पॉकेटच्या तोंडाशी होती, तिचा नेम असताना. घेतली नाही.

खोटं काही सांगितलं नाही मी. मोठी झाली आता. कळायला पाहिजे तिलाही, तिची आई काय करते ते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाट लागली.

अनुपमाच्या वकिलाने तीन रंगीत कागद पुढे केले. माझंच स्टेटस! मी सोवळं नेसून आरती करतोय, मागे लायटिंग, खाली मीच लिहिलेलं — यंदा आमची पाळी, मान राखला. दुसऱ्या फोटोत पंगत. तिसऱ्यात मी आणि भजनवाला बुवा, बुवाच्या हातात पाकीट.

जज मॅडमनी चष्मा वर करून फोटो बघितले. विचारलं, किती खर्च आला? मी म्हटलं, मॅडम, तो देवाचा खर्च. त्या म्हणाल्या, "मी किती ते विचारलं." सांगितलं. जेवढी पोटगी थकली त्याच्याहून जास्तच होतं. मागे बाकावर कोणीतरी हसलं.

हुकूम झाला. मार्च धरून सगळे छप्पन्न हजार अठरा मार्चपर्यंत भरायचे. नाही भरले तर वॉरंट आणि जेल.

मी जेलमध्ये गेलो तर सीझन गेला. मार्च ते जून कमावतो त्याच्यावर आमचं वर्ष चालतं. सोसायटीची कंत्राटं एकदा दुसऱ्याकडे गेली की परत येत नाहीत. आईची बीपीची गोळी, भाडं, आणि पुढची पोटगी, सगळं त्या चार महिन्यांतून निघतं.

अनुपमा बाहेर पाणी पीत उभी होती. फोटो काढून ठेवलेन बाईने, सप्टेंबरपासून जपून! त्या वेळी खाली अंगठासुद्धा दिला नव्हता.

८ फेब्रुवारी, दुसरा शनिवार

निधी आली नाही. ताप आहे म्हणून मेसेज. मी खोलीत पंधरा मिनिटं बसून परत आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेलो. वहिनीने चहा दिला, दादाने सल्ला. म्हणे, असो गणपती वाडीत कोणी करूक नाय, गावात अजून नाव काढतत तुझा. म्हटलं, नाव राहू दे, अर्धे पैसे दे. तर म्हणतो, माझ्याकडे खंय? पोराची फी भरलंय आताच. तू एक काम कर, म्हयनाभर आत बसान ये आनि मोकळो हो.

वरून समजावतो, भाड्याच्या खोलीपेक्षा बरं, जेवण फुकट. हसला स्वतःच. मीही हसलो, काय करणार. पण येताना बसमध्ये तेच डोक्यात. महिनाभर सोसलं की हिशोब मिटला, हे वाईट नाही. आईला गावी पाठवायचं, गिऱ्हाइकांना सांगायचं टायफॉइड झालाय.

१० फेब्रुवारी

रुचिरा मॅडमना फोनवर विचारलं. म्हणाल्या, कोणी सांगितलं तुम्हाला हे? आत गेलात तरी बाकी तशीच राहते. बसून याल आणि परत छप्पन्न हजार भराल.

दादाच्या अकलेचा आज मला फार राग आला. स्वतःच्याही.

आईला सगळं सांगितलं. म्हटलं, बाबांनी नाही का केल्या पाळ्या, मिल बंद पडल्यावरही? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बापाशीन पाळी केल्यान, पन तुमच्या ताटातला काढून नाय केल्यान."

२२ फेब्रुवारी, चौथा शनिवार

परत नाही आली. मेसेज — "निधी यायचं नाही म्हणते."

म्हणते! अकरा वर्षांची पोर स्वतःहून म्हणते होय? मला काय दुधखुळा समजते ही? पैसे थकले म्हणून पोरगी अडवून ठेवलीय सरळसरळ. मी तिथूनच लिहून पाठवलं: पैसे नाहीत तर मुलगी नाही, असा धंदा मांडलायस का? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

असली बाई मी बघितली नाही. लग्नाआधी हीच मला म्हणायची, तुझ्यात छक्केपंजे नाहीत. आता स्वतः शिकली सगळे. लेकराचे बापाविरुद्ध कान भरायचे, याच्यापेक्षा नीच काम कुठलं नाही.

२४ फेब्रुवारी

रुचिरा मॅडमनी भेटीचा अर्ज तयार केला. आई मुलीला मुद्दाम आणत नाही, कोर्टाने समज द्यावी. शेवटी वाचून दाखवलं. म्हटलं, अजून कडक लिहा. त्या म्हणाल्या, तुमची बाजू आत्ता कडक लिहिण्यासारखी नाही.

५ मार्च

ऊन वाढलं. दिवसाला सहा-सात कॉल येतात. मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरी लताबाई, त्यांच्याकडे वर्षाच्या कंत्राटाचे अर्धे पैसे आगाऊ मागितले. कारण विचारलं. मुलीसाठी पाहिजेत म्हटलं. लगेच चेक लिहिला आणि म्हणाल्या, काय शिकते मुलगी? सहावीत आहे, म्हटलं. पुढचं काही विचारू नये म्हणून फिल्टर धुवायला घेतला.

८ मार्च, दुसरा शनिवार

येणार नाही माहीत होतं, तरी गेलो. पूर्ण दोन तास बसलो. एक दुसरा बाप होता, त्याचा मुलगा त्याच्या मांडीवर झोपला होता आणि त्याला हलता येत नव्हतं. मला म्हणाला, भाऊ, जरा पंखा कमी करता का? केला.

निधी नसताना त्या खोलीत मी काय करायचं असतं? खाजं घरी परत आणलं. आईने डब्यात ओतलं.

मला तिची आठवण येते. हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार. तिचे ते आगाऊ प्रश्न, आणि खेळताना जीभ बाहेर काढून नेम धरायची सवय. सहा आठवडे झाले.

१२ मार्च

स्कूटर विकली. भांडुपच्या सम्यकने घेतली, तोही एसीचंच करतो. त्याने घासाघीस केली नाही, म्हणाला, दादा, सीझन संपला की परत घ्या, याच भावात. चांगला आहे पोरगा. जेट पंप आणि पाइप घेऊन आता रिक्षा, नाहीतर बस. आज कंडक्टरने चढू दिलं नाही. दुसऱ्याने दिलं.

१७ मार्च, सोमवार

छप्पन्न हजारांचा डीडी काढला, अनुपमाच्या नावाने. बँकेत फॉर्मवर तिचं नाव लिहिताना हात सवयीने आमचं आडनाव लावत होता. खोडून परत लिहिलं.

उद्या आधी डीडी तोंडावर टाकायचा, मग भेटीचा अर्ज. आता बघतो पोरीला कशी अडवते. आईने उद्यासाठी शर्टाला इस्त्री केली.

१८ मार्च, मंगळवार

डीडी दिला. वॉरंट टळलं. मग जज मॅडमनी आमचा अर्ज घेतला आणि अनुपमाला विचारलं, मुलीला का आणत नाही?

ती म्हणाली, मी दर वेळी कपडे घालून तयार करते, ती दाराशी बसून राहते, हलत नाही. कारण विचारून विचारून थकले. परवा रात्री निधीने सांगितलं, म्हणाली, बाबा माझ्या भेटीचे पैसे भरतात. मी गेलेच नाही तर त्यांना भरावे लागणार नाहीत, मग पोलीस नेणार नाहीत.

माझ्या मॅडमनी अर्ज हळूच मागे घेतला.

पोर मला वाचवत होती. आणि मी इथे तिच्या आईला शिव्या लिहीत बसलो होतो.