बेडकाबद्दलचा अभिप्राय

नोएडा, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येईनासं झालं आणि मेसेजला तू पत्र मानत नाहीस, म्हणून हा कागद. मी बरी आहे.

आमच्या कंपनीने पाळणाघरांसाठी रंगीत कॅमेरे काढले आहेत: हिरवा बेडूक, नारिंगी मासा, पिवळं बदक. काळ्या डब्याला मुलं बिचकतात, असं विक्रीवाल्यांचं म्हणणं. मी टेस्टिंगची इंजिनिअर, तरी अभिप्राय गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. वीस मुलांपैकी सतरा जणांनी बेडकाला हात लावायची धडपड केली, चौघांनी तर त्यासाठी स्टूल ओढून आणलं. मी 'आकर्षण: उत्तम' असं लिहून सही केली. कॅमेरा कॅमेऱ्यासारखाच दिसावा, हे माझं स्वतःचं मत. त्याला रकाना नव्हता.

दिल्लीत द्वारकाला अनुरागदादाच्या सोसायटीतल्या पाळणाघरात गेल्या आठवड्यात बेडूक लागला. मीच सुचवला. दादाचा समर्थ तिथेच जातो, रोज त्याला 'मेंढक अंकल, बाय' करूनच घरी येतो. तिथे मुलं सांभाळणाऱ्या आपल्या शेवंतामावशींनी मला विचारलं, की त्या दोन मिनिटं टेकल्या तर हा बेडूक दादाकडे चुगली करणार का. करणार, म्हटलं. मग त्यांचे गुडघे दुखतात हेही त्याला सांगायला लाव, म्हणाल्या.

तिन्हींचे फोटो सोबत आहेत. तुझं मत कळव. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी संपदा


धुळे, २० फेब्रुवारी २०२५

चि. संपदास,
अ. उ. आ.

तुझ्याबद्दल तीन शब्द आणि बाकी सगळं पत्र बेडकाचं! लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा तू 'मी बरी आहे' एवढंच लिहिशील. त्याखाली सही आणि शिक्का.

बेडूक मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. पण दिल्लीत आर. के. पुरमला आपल्या ब्लॉकमधल्या बायका दिवसभर गॅलरीतून साऱ्या जगावर नजर ठेवायच्या, त्यांना कुणी हिरवा रंग दिला नव्हता. सुरुचीला सांग, सूनबाई, लेकाला 'बेडूक' शब्द शिकव. चार वर्षांचा झाला.

शेवंताला तिथे एक खुर्ची द्यायला लाव. तुमची आई गेल्यापासून तिने आणि मी मिळून तुम्हा दोघांना वाढवलं. मी दिल्ली सोडताना तिला त्या पाळणाघरात लावून आले, ते तुम्ही जवळ आहात या भरवशावर.

पुढच्या पत्रात स्वतःबद्दल निदान चार ओळी लिही. सर्वांना माया.

तुझी आत्या


नोएडा, १४ मार्च २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे, सरळ लिहिते. मंगळवारी, ११ तारखेला दुपारी समर्थ पाळणाघरात पडला. कवटीला तडा गेला आहे. ऑपरेशन झालं. तो शुद्धीवर आहे, पण डावा हात हलवत नाही आणि अजून बोललेला नाही. सुरुचीवहिनी दवाखान्यातून हललेली नाही.

त्या वेळी खोलीत मोठं माणूस एकच होतं, शेवंतामावशी. दादा सांगतो, कॅमेऱ्याच्या चित्रणात त्या दोन्ही हात पुढे करून धावत येतात, चौकटीच्या खाली दिसेनाशा होतात आणि किंकाळी ऐकू येते. समर्थ चित्रात कुठेच नाही. मावशी म्हणतात, तो वर चढला होता. दादा म्हणतो, त्यांनी त्याला उचलून आपटलं. त्याने तक्रार दिली. पोलीस त्यांना घेऊन गेले, त्या कोठडीत आहेत.

मी चित्रण पाहिलेलं नाही. पाहिल्याशिवाय मत देणार नाही. दादाला याचाही राग आला.

काळजी करू नको असं लिहिता येत नाही. जप.

संपदा


धुळे, २० मार्च २०२५

चि. संपदास,
अ. उ. आ.

पत्र आल्यापासून घास उतरत नाही. देवापुढे बसले तर कुणासाठी काय मागू तेच कळत नाही. पोर आपलं, शेवंताही आपलीच.

एक गोष्ट तुला माहीत नाही. अनुराग सात वर्षांचा असताना गॅसशी खेळत होता, तेव्हा तिने त्याला उलथन्याने मारलं होतं. वळ चार दिवस होता. मी तिला बोलले, तिने ऐकून घेतलं. त्याला ते आठवत असणार. मलाही आठवतंय, आणि तेच मला छळतंय. ती असं करणार नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

तुला त्यातलं समजतं. तू पाहा. जे दिसेल ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस.

देव समर्थला बरं करो.

आत्या


नोएडा, ६ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

पाहिलं. मावशींनी त्याला ढकललं नाही, आपटलंही नाही.

चित्राच्या खालच्या कडेला सहा सेकंद गुलाबी, धूसर पट्टा दिसतो. पोलिसांनी आणि दादाने तो कॅमेऱ्याचा दोष धरला. तो तळहात आहे. भिंगाच्या अगदी जवळ हात आला की असंच दिसतं. मी माझा हात धरून तपासलं. समर्थ खेळण्यांच्या कपाटावर चढून बेडकाला धरून उभा होता. पट्टा नाहीसा झाला, म्हणजे हात सुटला, त्या क्षणी मावशी पाच लाद्या दूर होत्या. दोन फुटांची लादी, दहा फूट. हात त्यांनी झेलायला पसरले होते.

कंपनीच्या वकिलाने फक्त ही मापं द्यायला सांगितलं. पण तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, की मुलं असं खरंच चढतात का, की हा माझा अंदाज आहे. मी अभिप्रायाचा कागद दिला. सतरा जणांनी धडपड केली, चौघांनी स्टूल आणलं. तेव्हा मी ते मोजत होते. धोका म्हणून नव्हे, आवड म्हणून मोजलं. खाली माझी सही आहे.

मावशी ३ तारखेला सुटल्या. मी आणायला गेले. समर्थ बोलायला लागला का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं.

मग तोच कागद दादाला दाखवला. ती स्टुलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती का, असं त्याने विचारलं. पाहिली होती. पुन्हा घरी येऊ नकोस, म्हणाला. नोकरीही गेली, सोमवारपासून ऑफिस नाही.

तू गाळू नकोस म्हणाली होतीस. लोभाचं या खेपेस काही मागत नाही.

संपदा


धुळे, २९ एप्रिल २०२५

चि. संपदास,
अ. उ. आ.

शेवंता गुरुवारी इथे आली. आता माझ्याकडेच राहील. शेजारच्या प्रभाने आपलं सहा महिन्यांचं बाळ तिच्या मांडीवर द्यायला धरलं, तर तिने हात पाठीमागे नेले.

अनुरागचंही पत्र आलं. शेवंताला ठेवून घेतलंस ते बरं केलंस, तिची क्षमा मागायची आहे, असं लिहितो. समर्थ भिंत धरून चालतो म्हणे. पण बोलत नाही. पत्रात तुझं नाव नाही, मी तुझं काही कळवू नये अशी विनंती आहे.

तू खरं ते दिलंस, त्यामुळे ही बाई आज माझ्या ओसरीवर बसली आहे. ते मी विसरणार नाही. पण त्या चौघांचं स्टूल ओढणं वाचलं की पुढे पोर दिसतं, आणि पेन खाली ठेवावं लागतं. हे पत्र आज तिसऱ्यांदा लिहायला घेतलं.

तू लिहीत राहा. आलेलं प्रत्येक पत्र मी वाचेन. उत्तराची वाट मात्र सध्या पाहू नकोस.

आत्या