स्टेपल केलेला धडा

१२ ऑगस्ट १९९६, सोमवार, सकाळी ११.२०
नेरूळच्या डॉक्टरने माझा अपमान केला. नर्ससमोर. सुनयनाच्या, म्हणजे सुनेच्या, चार वर्षांच्या फायली मी टेबलावर ठेवल्या. सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, सगळं. त्याने उघडल्याही नाहीत. म्हणाला, आजी, आधी तुमच्या मुलाची तपासणी करू. आजी! नातवंडाचा पत्ता नाही आणि आजी म्हणतो.
इंद्रजित पावणेसहा फूट आहे. आवाज भारदस्त, मिशी भरघोस. त्याला काय धाड भरलीय? एकतीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये सायन्स शिकवलंय मी.

१३ ऑगस्ट
डॉक्टरला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. कालची तारीख, वेळ घातली. ‘सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे’ हे शेवटचं वाक्य उत्तम जमलं. मधल्या मजकुराला शास्त्रीय आधार हवा. नववीचं जुनं पुस्तक काढलं. प्रजननाचा धडा स्टेपल केलेला. मीच करायचे. दर जूनला, वर्गातल्या चाळीस पुस्तकांना, दोन-दोन पिना. मुलींना सांगायचे, हा घरी वाचा.
मीही घरी वाचणारच होते.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन चुकवलं. पिना काढल्या.
वाचून कीव आली. वृषणांना शरीरात उकडतं, म्हणून बाहेर पिशवीत टांगायची. दोन-तीन डिग्री गारवा लागतो म्हणे. काय हे नखरे! शुक्राणू तयार व्हायला दहा आठवडे. मग लांबलचक नळी, वाटेत ग्रंथींनी द्रव पुरवायचा. कोट्यवधी निघतात, कामाला येतो एक. बाकीचे आमच्या शाळेतल्या क्लार्कांसारखे.
मिशीचा, उंचीचा शुक्राणूंच्या संख्येशी संबंध कुठेच दिलेला नाही. पुस्तक जुनं आहे.
पुतळाबाई लादी पुसता पुसता म्हणाली, बाई, नुसती गायच बगाची, बैल नाय बगाचा? तिला म्हटलं, कोपरे नीट पूस.

२० ऑगस्ट
इंद्रजित मला न विचारता लॅबमध्ये नमुना देऊन आला. सुनयनाने नेलं. घरात शिस्त राहिली नाही.

२२ ऑगस्ट
रिपोर्ट: शुक्राणू शून्य. लॅब भिकार.

२४ ऑगस्ट
सीवूड्सची लॅब: शून्य. तीही भिकार.
डॉक्टरने विचारलं, लहानपणी गालगुंड झालं होतं का? इंद्रजित म्हणाला, नववीत. गालांनंतर खालीही सुजलं होतं, दोन्हीकडे. आईला सांगितलं होतं.
मला आठवत नाही.

२५ ऑगस्ट, पहाटे ५
आठवलं. मी म्हणाले होते, असले शब्द या घरात चालणार नाहीत, मिठाच्या गुळण्या कर.
तेव्हा दवाखान्यात दाखवलं असतं तरी वृषणं वाचली असतीच असं नाही, असं डॉक्टर म्हणाला. हा मुद्दा माझ्या बाजूने आहे. पत्रात घ्यायचा.

२६ ऑगस्ट
पत्र पाकिटात घालायला गेले, तर टेबलावर नाही. धड्यावर सापडलं. दोन पिना मारून स्टेपल केलेलं. डॉक्टरचं नाव खोडून सुनयनाने माझं लिहिलंय. मधला मजकूर सगळा खोडलाय. त्या जागी तिच्या अक्षरात: ‘आई, सोळा सोमवार केले, तीन डॉक्टर केले, शेजारणींच्या ओटीभरणाला मला नेलं नाहीत. दोष माझाच, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’
शेवटचं वाक्य माझंच ठेवलंय. फक्त पुढे भर घातलीय.
‘सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे. सोमवार, २ सप्टेंबर, सकाळी ११.२० पर्यंत.’